गाडीचं नाक पाण्याच्या वर हवं

माझ्या वर्कशॉपमधल्या टेबलावर गेल्या पावसाळ्यापासून एक कनेक्टिंग रॉड, म्हणजे इंजिनात वर-खाली होणाऱ्या पिस्टनला खाली फिरणाऱ्या क्रँकशी जोडणारा दांडा, ठेवलेला आहे. येणारा-जाणारा तो हातात घेतो, उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, याला काय झालंय? नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. मग मी त्याच इंजिनातला दुसरा रॉड काढतो, दोघांच्या दोन्ही टोकांना पिना घालतो आणि उंची मोजून दाखवतो. हा दोन मिलिमीटरनी बुटका भरतो. घडीव पोलादाचा रॉड आहे, घणाने मारला तरी सहज वाकणार नाही. त्याला पाण्यानं वाकवलं, आणि ते पाणी कपभरसुद्धा नव्हतं.

हा रॉड माझ्या भाच्याच्या गाडीतला. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत माझं बोअरिंगचं आणि क्रँक ग्राइंडिंगचं, म्हणजे इंजिनाचे सिलिंडर आणि क्रँक घासून पुन्हा मापात आणायचं काम चालतं. शहरात जोराचा पाऊस होऊन गेला की पुढचे दोन महिने अशी इंजिनं येत राहतात. 2019 मध्ये 31 जुलैला एका दिवसात जवळजवळ 500 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आली. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा तर रांग लागली. पण पुरात उभ्या-उभ्या बुडालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. भाच्याची गाडी पुरात नव्हतीच. जुलैतला नेहमीचा पाऊस, अलकापुरीच्या गरनाळ्याच्या (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्याच्या) अलीकडे अर्ध्या चाकाला पोचेल न पोचेल एवढं पाणी. त्याच्या पुढून त्याच मॉडेलची टॅक्सी निघून गेली. याची गाडी मात्र मधोमध बंद पडली. दोन गाड्यांत फरक एकच होता. यानं दिवाळीत कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा पुरवणारा वेगळा पाइप, बसवून घेतलं होतं.

"मामा, नुसता पाऊस तर होता," असं तो मला चार वेळा म्हणाला. त्याला जे समजावून सांगितलं तेच इथे लिहितो आहे, कारण हल्ली दर आठवड्याला कुणीतरी तरुण मुलगा हा पाइप बसवायचा विचार घेऊन येतो आणि पावसाचं कुणीच विचारत नाही.

इंजिनाला पेट्रोल किती लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, हवा किती लागते याचा अंदाज नसतो. 1.2 लिटरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे मारत असेल आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल, तर ते मिनिटाला दीड हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. गच्चीवर हजार लिटरची टाकी असते ना, तशी दीड टाकी, दर मिनिटाला. ही हवा ज्या तोंडातून आत जाते ते गाडीचं नाक. बहुतेक गाड्यांत कंपनी ते नाक बोनेटच्या कडेखाली, रेडिएटरच्या वरच्या पट्टीजवळ किंवा हेडलाइटच्या मागे ठेवते. तिथून हवा एका काळ्या प्लास्टिकच्या डब्यात येते. डब्यात कागदी फिल्टर असतो, बऱ्याच डब्यांना तळाशी पाणी निथळायला बारीक भोक असतं आणि हवा ओढल्याचा आवाज दाबायला एखादा रिकामा कप्पाही असतो. डबा दिसायला अगदी सामान्य, पण त्याची जागा आणि त्याचं प्रत्येक वळण कुणीतरी विचार करून ठरवलेलं असतं.

कोल्ड एअर इनटेक बसवताना हा डबा काढून टाकतात. त्याच्या जागी चकचकीत ॲल्युमिनियमचा लांब पाइप येतो आणि पाइपाच्या टोकाला शंकूच्या आकाराचा, तेल लावलेल्या सुती कापडाचा फिल्टर. कल्पना अशी की इंजिनाच्या आसपासची हवा गरम असते आणि गरम हवा विरळ असते. बंपरच्या मागे किंवा मडगार्डच्या पोकळीत हवा थंड मिळते, थंड हवा दाट, दाट हवेत प्राणवायू जास्त, म्हणून ताकद जास्त. यातलं शास्त्र खरं आहे. हवा 10 अंशांनी थंड केली तर ती सुमारे 3 टक्के दाट होते. पण कंपनीचं नाकही बाहेरचीच हवा घेत असतं, त्यामुळे हा 3 टक्क्यांचा फायदा बराचसा आधीच मिळालेला असतो. पाइप बसवल्यावर खरोखर जाणवतो तो आवाज, कारण आवाज दाबणारा कप्पा गेला. पोरांना तो आवाज आवडतो, गाडी पळतेय असं वाटतं. आवडण्यात काही गैर नाही. आवाजापायी नाक कुठे गेलं ते मात्र बघायला हवं.

भाच्याच्या गाडीला मी टेप लावली. मूळ डब्याचं तोंड जिथे असायचं ती जागा जमिनीपासून 28 इंच. नव्या फिल्टरची खालची कड 9 इंच.

आपल्या विश्वामित्रीत मगरी आहेत, बडोदेकराला हे सांगायला नको. काळा घोड्याच्या पुलावर उभं राहून कुणी मगर दाखवली तर आधी काय दिसतं? पाण्यावर दोन डोळे आणि त्यांच्या पुढे नाकपुड्या. बाकीचं सगळं अंग पाण्याखाली. तिच्या नाकपुड्या थोबाडाच्या वरच्या बाजूला असतात, म्हणून तिला पाण्यात पडून राहता येतं. जंगलात, नद्यांतून जीप घालणारे लोक हेच करतात. इंजिनाच्या हवेचा पाइप ते काचेच्या कडेनं थेट टपापर्यंत वर नेतात, त्याला स्नॉर्कल म्हणतात. ज्यांना पाण्यातून जायचं असतं ते नाक वर नेतात. आपण बडोद्यासारख्या पाणी तुंबणाऱ्या शहरात राहून ते बंपरच्या मागे, डबक्याच्या उंचीवर आणून ठेवतो.

आता पावसाचं. लोकांना वाटतं, फिल्टर उघडा आहे, म्हणजे वरून पडणारं पाणी आत जाणार. हा धोका वाटतो त्यापेक्षा फार लहान आहे. हिशेबच करू. तासाला 100 मिलिमीटरचा मुसळधार पाऊस आहे आणि वीतभर फिल्टर अगदी उघड्यावर पावसात धरलाय असं समजा. त्याच्यावर मिनिटाला पडेल सुमारे 35 ते 40 मिलिलिटर पाणी. चार सिलिंडरचं इंजिन 2000 फेऱ्यांवर मिनिटाला 4000 वेळा श्वास घेतं. म्हणजे ते सगळं पाणी आत गेलं तरी प्रत्येक श्वासाला वाट्याला येतो मिलिलिटरचा शंभरावा भाग. गरम सिलिंडरमध्ये त्याची वाफ होऊन जाते. म्हणून हायवेवर पाऊस लागला म्हणून या गाड्या लगेच बंद पडत नाहीत, आणि म्हणूनच मालकाचा विश्वास बसतो की आपल्या गाडीला काही होत नाही. पहिले चार पाऊस सुखरूप जातात. पाचव्या वेळी पाणी खालून येतं.

एक गोष्ट पावसाच्या खाती मांडावी लागेल. फिल्टर मडगार्डमध्ये बसवताना पुष्कळ ठिकाणी चाकावरचं प्लास्टिकचं लायनर कापतात किंवा काढूनच टाकतात. मग पुढचं चाक ओल्या रस्त्यावरचं चिखलपाणी थेट फिल्टरवर मारत राहतं. सुती फिल्टर भिजून चिंब झाला की हवेची वाट अडते, गाडी दम धरत नाही, पिकअप जातो. पुढे पाइपात हवा मोजणारा सेन्सर असेल तर त्याच्या तापलेल्या बारीक तारेवर थेंब किंवा फिल्टरचं जास्तीचं तेल जाऊन बसतं, माप चुकतं, इंजिनाचा दिवा लागतो. हे त्रास कटकटीचे आहेत, पण बहुतेक वेळा फिल्टर वाळवून आणि सेन्सर नीट साफ करून सुटतात.

खरा घात होतो फिल्टर पाण्यात बुडाला की. मला पुष्कळ जण सांगतात, "पाइप तर वर चढत जातो, पाणी एवढं वर कसं चढेल?" चढतं. आपण स्ट्रॉनं उसाचा रस पितो तसंच. अर्धा मीटर पाणी वर ओढायला वातावरणाच्या दाबाचा विसावा भाग पुरतो, आणि इंजिनाची ओढ त्याच्या कितीतरी पट असते. हवेची वाट बंद झाली की ते जे समोर आहे ते ओढतं. पूर्ण बुडायचीही गरज नाही. समोरून बस आली, तिनं लाट ढकलली, दोन सेकंद फिल्टर लाटेखाली गेला, तेवढं पुरे. भाच्याच्या गाडीचं हेच झालं. पाणी अर्ध्या चाकाच्या खाली होतं, बसची लाट बंपरवर आली.

आत गेलेलं पाणी रॉड कसा वाकवतं ते घरी बघता येतं. लहान मुलांना औषध पाजायची सुईविना सिरिंज घ्या. तिच्यात हवा भरा, तोंडावर अंगठा घट्ट दाबा आणि दट्ट्या ढकला. अर्ध्यापर्यंत तरी सहज जातो, सोडला की परत येतो. आता पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, अंगठा दाबा आणि ढकला. दट्ट्या हलत नाही, जोर केला तर अंगठ्याच्या कडेनं पाणी उडतं. हवा दबते, पाणी दबत नाही. इंजिनात मात्र अंगठा सुटत नाही, त्या क्षणी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात.

1.2 लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरमध्ये पिस्टन 300 मिलिलिटर जागा झाडून काढतो. दहास एक असं कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा दाबून दहाव्या भागात आणणं, धरलं तर पिस्टन अगदी वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर जागा उरते फक्त 33 मिलिलिटरची. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर 10 मिलिलिटरचं माप असतं, तशी साडेतीन मापं पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला वर जायला जागाच नाही. डिझेलचं आणखी कठीण. 1.5 लिटरचं इंजिन आणि सोळास एक कॉम्प्रेशन असेल तर उरलेली जागा 25 मिलिलिटर. 3000 फेऱ्यांवर पिस्टन खालून वर यायला एका सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. तो मध्येच अडतो, पण खालून क्रँकला जोडलेलं जड चाक, फ्लायव्हील, फिरतंय, गिअर पडलेला असेल तर अख्ख्या गाडीचं वजन ढकलतंय. पिस्टन थांबला, क्रँक थांबायला तयार नाही, दोघांच्या मध्ये सापडतो तो रॉड. याला हायड्रोलॉक म्हणतात. गाडी रेंगाळत असताना, 800 फेऱ्यांवर पाणी गेलं तर इंजिन पुष्कळदा नुसतं अडून बंद पडतं आणि वाचतं. रेस दिलेली असेल तर वाचत नाही.

म्हणून "सायलेन्सरमध्ये पाणी जाईल, रेस देत राहा" हा सल्ला मला अर्धवट वाटतो. चालू इंजिनाचा धूर मंद गतीवरही पाण्याला बाहेर ढकलत असतो. गाडी बंद पडू नये इतपत एकसारखी रेस हवी, पहिला गिअर, चालीचा वेग. जोरात रेस दिली की नाकाची ओढ वाढते, वेग वाढला की बंपरसमोर पाण्याचा ढीग उभा राहतो, आणि हा खाली बसवलेला फिल्टर नेमका त्या ढिगाच्या मागे असतो. समोरून बस किंवा ट्रक येत असेल तर पाण्याबाहेर थांबा, त्याची लाट बसू द्या. आणि फिल्टर 9 इंचांवर असेल तर 9 इंच पाण्यातही जाऊ नका. पाणी किती खोल आहे हे रस्त्याच्या दुभाजकावरून, उभ्या स्कूटरच्या चाकावरून कळतं.

आता जे मी भाच्याला रागावलो ते. गाडी बंद पडल्यावर त्यानं काय केलं? सेल्फ मारला. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा 'टक्' आवाज आला आणि थांबला. तो 'टक्' म्हणजे इंजिन सांगत होतं की पाणी आहे, मला हलवू नका. त्या वेळी थांबला असता तर कदाचित चार प्लग काढून काम भागलं असतं. पाण्यात गाडी बंद पडली तर किल्लीला हात लावू नका. हातानं ढकलून किंवा दोरीनं ओढून कोरड्या जागी घ्या, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून. गिअरमध्ये टाकून धक्का मारणं म्हणजे सेल्फ मारण्याहून वाईट.

गॅरेजवाल्यानं काय करायला हवं, तेही मालकाला माहीत असावं. आधी फिल्टर आणि पाइप काढून बघायचं. आत ओल किंवा पाणी दिसलं तर सगळे स्पार्क प्लग काढायचे, डिझेल असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग. मग क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचं. प्लगच्या भोकांतून पाणी येईल ते येऊ द्यायचं. मोकळं फिरलं तर पेट्रोल आणि स्पार्क तोडून सेल्फनं फिरवायचं, उरलेलं पाणी कारंज्यासारखं उडतं, म्हणून तोंड बाजूला. डिपस्टिक काढून ऑइल बघायचं, दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी खाली उतरलंय. ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय सुरू करायचं नाही. टर्बोची गाडी असेल तर इंटरकूलर, म्हणजे आत जाणारी हवा गार करणारा भाग, सोडवून रिकामा करायचाच. त्याच्या तळाशी पाणी साचून राहतं, गाडी गॅरेजमधून चांगली चालू होऊन निघते, हायवेवर जोर दिल्यावर ते पाणी उचललं जातं आणि दुसऱ्यांदा हायड्रोलॉक होतो.

इंजिन सुरू झालं म्हणजे वाचलं असं मात्र नाही, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हेच लोकांना सगळ्यात कमी माहीत आहे. थोडा वाकलेला रॉड चालतो. आठवडे, कधी महिने. भाच्याची गाडी पाण्यातून काढून कुणीतरी चालू करून दिली होती, ती पाच आठवडे चालली. जरा थरथर होती, सकाळी धूर होता, त्याला वाटलं पेट्रोल खराब आहे. वाकलेल्या रॉडवर प्रत्येक फेऱ्याला वाकडा ताण येत राहतो, आणि शेवटी तुटला तर क्रँक त्याला फिरवून ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर काढतो. मग बोअरिंगवाल्याकडे आणण्यासारखं काही राहत नाही. आम्ही हेड उघडलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर, अगदी वर, काजळीचा पट्टा दिसला. बाकी तिघांत तो पट्टा बारीक, यात रुंद. पिस्टन आता तेवढा वर पोचतच नव्हता, म्हणून ती जागा घासली जात नव्हती. डायल गेज लावला, पिस्टन दोन मिलिमीटर खाली थांबत होता. ब्लॉक वाचला, हे नशीब. कॉम्प्रेशन टेस्ट केली असती तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा कमी येतो. पाण्यात बंद पडलेल्या प्रत्येक गाडीची ही टेस्ट करून घ्या, आणि पावसाळ्यानंतर जुनी गाडी विकत घेत असाल तर विकणाऱ्याकडे ही टेस्ट मागा.

विम्याचं थोडक्यात. साध्या पॅकेज पॉलिसीत पुरानं झालेलं नुकसान येतं, पण पाण्यात सेल्फ मारून रॉड वाकला तर विमा कंपन्या ते पुढचं, म्हणजे मालकाच्या कृतीनं झालेलं नुकसान धरतात आणि इंजिनाचा क्लेम नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कलम पैसे भरून घ्यावं लागतं. ते असलं तरी बदललेला इनटेक कंपनीला कळवलेला नसेल तर सर्व्हेअर पहिलं बोट त्याच्यावरच ठेवतो. भाच्यानं कळवलेलं नव्हतं.

बाजारात यावर दोन उपाय मिळतात. एक म्हणजे फिल्टरवर चढवायचा पाणी न धरणारा मोजा. तो पावसाच्या शिंतोड्यांना आणि चिखलाला चांगला, बुडण्यापुढे त्याचं काही चालत नाही. दुसरा एअर बायपास व्हॉल्व्ह. पाइपाच्या वरच्या भागात तो बसवतात, खाली फिल्टर बुडून ओढ वाढली की तो उघडतो आणि वरची हवा आत घेतो. कल्पना हुशारीची आहे, पण तो स्वतः पाण्याच्या वर असेल तोवरच, आणि टर्बोच्या गाडीला चालत नाही. याशिवाय लांब पाइपाऐवजी छोट्या पाइपाचं इनटेक असतं, त्याचा फिल्टर बोनेटखालीच, वरच्या बाजूला राहतो. पाण्याच्या दृष्टीनं तो कितीतरी बरा, फक्त हवा गरम ओढतो, म्हणजे ज्यासाठी खर्च केला तेच मिळत नाही.

कुणाला हा पाइप ठेवायचाच असेल तर मी भांडत नाही. एवढंच सांगतो की मूळ डबा फेकू नका, भंगारात देऊ नका, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तो परत चढवा, नवरात्र झाल्यावर हवं तर उतरवा. भाच्याचा डबा दांडिया बाजारातल्या घरी माळ्यावर होता, आकाशकंदिलाच्या खोक्याच्या मागे. ताईनंच शोधून काढला. फिल्टर नवा घातला, तळाच्या भोकातली माती तारेनं काढली, चार क्लिपा लावल्या, एक क्लॅम्प कसला. वीस मिनिटांचं काम. मग भाच्यानं स्वतः टेप घेतली आणि जमिनीपासून मोजलं.